ओव्हाळांच्या मिनलने स्लॅब वाकवून दाखवला

शाळेच्या छतावर दोन टँकर पाणी चढवायचं होतं, त्या शनिवारी सकाळी साडेसातलाच आमच्या फाटकासमोर शंभरेक माणसं जमली होती. कुणी लेकराला कडेवर घेऊन, कुणी दुधाची पिशवी हातात धरून, तर कुणी रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरलेले, डब्यासकट थेट इकडे. एकाने मला विचारलं, "बाई, पडणार किती वाजता?" जसं काही पडायचं पक्कं ठरलंय, फक्त वेळापत्रक लागायचं राहिलंय.

मी म्हटलं, "दादा, चहा घ्या आणि गप उभे राहा."

भीती वाटत होती, नाही म्हणत नाही. पण भीतीपेक्षा उत्साह जास्त होता. सव्वीस वर्षं मी इथे गणित-विज्ञान शिकवलं, आता सात वर्षं मुख्याध्यापिका आहे, तरी पुस्तकातलं वजन असं डोक्यावर चढताना कधी पाहिलं नव्हतं. आणि ते चढवणारी पोरगी आमचीच होती. मिनल ओव्हाळ. पाचवी ते दहावी, तुकडी ब.

मिनलचे वडील ज्ञानदेव ओव्हाळ परंड्याकडून इकडे थेरगावात आलेले. एका कंपनीच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग मोजायचा, मापात असला तर पुढे पाठवायचा, नसला तर त्यावर लाल फुली मारायची, हे त्यांचं काम. ओव्हाळांची फुली साहेबालाही पुसता येत नाही, असं म्हणायचे. घरीही तीच गत. भाकरी एका बाजूला जाड झाली की म्हणायचे, "ही बाजू रिजेक्ट." त्यांच्या पत्नी जाईबाई म्हणायच्या, "मग दुसरी बाजू खावा आणि उठा."

मिनल सातवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी तिने लग्नपत्रिकांचा पूल केला होता. जाड पत्रिका गुंडाळून नळ्या केल्या, त्या नळ्यांचे त्रिकोण जोडले. फार देखणा पूल. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वडिलांनी घरी त्याच्यावर तांदळाच्या पुड्या ठेवायला सुरुवात केली. एक किलो, दोन किलो, चार किलो. साडेचारला पूल मोडला. पोरगी रडायला लागली तर ओव्हाळ म्हणाले, "मोडल्याशिवाय कळणार कसं, किती झेपतं ते?" दुसऱ्या दिवशी ती नवा पूल घेऊन आली. बाकीच्या मुलांच्या पुलांवर 'मजबूत पूल', 'भारताचा विकास' अशा पाट्या होत्या. हिच्या पाटीवर लिहिलं होतं, 'हा पूल साडेचार किलोला मोडतो.' परीक्षकांनी पाटी दोनदा वाचली, एकमेकांकडे बघितलं आणि बक्षीस दुसऱ्याला दिलं. मी तेव्हाच जाईबाईंना म्हटलं होतं, ही पोरगी खोटं बोलणाऱ्या धंद्यात टिकायची नाही, हिला मोजायच्या धंद्यात घाला.

डिप्लोमा झाला, मग डिग्री, मग स्ट्रक्चरमधलं पुढचं शिक्षण. मराठी शाळेतून गेलेली, त्यामुळे पहिली दोन वर्षं इंग्रजीने रडवलं. आकड्यांनी हात दिला. आता ती चाकणला एका सल्लागाराच्या ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारत दिसणार कशी ते आर्किटेक्ट ठरवतो. ती उभी राहणार कशी, खांब किती जाड, त्यात सळई किती, सिमेंट किती, ते मिनल ठरवते.

एकदा चाकणच्या एका गोदामाचा नकाशा तिच्याकडे आला. तिने पुन्हा हिशोब मांडून खांबांमधलं लोखंड बरंच कमी केलं. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, एवढं कमी केलंत, रात्री झोप लागेल का?" मिनल म्हणाली, "मला लागेल. तुमचं बिल लोखंडाच्या वजनावर निघतं, तुमची उडाली असेल." हे तिनेच मला हसत हसत सांगितलं. मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "बाई, लोकांना वाटतं, छतावर सोलर लावलं, गॅलरीत कुंड्या ठेवल्या की इमारत पर्यावरणाची झाली. पण पन्नास किलोची सिमेंटची गोणी तयार होते ना, तेव्हा तीस-चाळीस किलो कार्बन हवेत गेलेला असतो. लोखंडाचं तर विचारूच नका. इमारतीत दिवा लागायच्या आधीच निम्मं पाप होऊन बसतं. ते कमी करायचं कुणाच्या हातात? माझ्या. नको असलेली एक गोणीसुद्धा कागदावरच खोडायची."

मला ते फार पटलं. पानात टाकू नये, तसंच हे.

आता शाळेचं सांगते. आमची इमारत चाळीस वर्षांची, बैठी, आठ खोल्या, वर सिमेंटचा स्लॅब. आठ खोल्यांत दहा वर्ग बसत नव्हते, दोन वर्ग व्हरांड्यात भरायचे. विश्वस्तांनी ठरवलं, जुनं पाडायचं आणि नवं बांधायचं. दोन वर्षं शाळा रहाटणीत भाड्याच्या खोल्यांत भरवायची. कागदावर ठीक होतं. पण आमची मुलं म्हणजे कंपनीत जाणाऱ्या आईबापांची. सकाळी सातच्या शिफ्टला निघणारी आई पोराला रहाटणीला सोडणार कशी? तीनशे बारा मुलांपैकी निम्मी तरी गळाली असती आणि मराठी शाळेतून एकदा गेलेलं मूल परत येत नाही. दोन वर्षांनी नवी कोरी इमारत उभी राहिली असती आणि आत बसायला कुणी नसतं.

मी मिनलला फोन केला. ती रविवारी आली आणि दिवसभर हातोडीसारखं यंत्र घेऊन भिंतींना, तुळयांना ठोकत फिरली. नंतर दोन महिने पायाजवळ खड्डा खणून बघ, छतातून नळकांड्याएवढा सिमेंटचा तुकडा कापून तपासायला पाठव, असं चालू होतं. मग विश्वस्तांपुढे उभी राहून म्हणाली, "पाडू नका. हाच स्लॅब वरच्या मजल्याची जमीन होईल. वर फक्त हलकं छप्पर टाकू. भोसरीत एक जुनं शेड उतरवतायत, छप्पर पेलणाऱ्या त्याच्या लोखंडी कैच्या चांगल्या आहेत, तुकडे कापून तपासून घेतलेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम उरकेल. एकही मूल हलवायचं नाही."

एक विश्वस्त म्हणाले, "सेकंडहँड लोखंड? शाळेला?"

"सर, आजीच्या पाटल्या मोडून नातीचं मंगळसूत्र करता, तेव्हा सोनं सेकंडहँड नसतं का?"

सगळे हसले, पण आमचे चिमाजीआबा हसले नाहीत. शाळेची जागा आबांच्या वडिलांनी दिलेली. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरी टोपी, आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. म्हणाले, "पोरी, तुजं गणित असंल बरुबर. पर वर चाळीस लेकरं नाचणार हायती. मला डोळ्यांनी दिसल्याबिगर मी हां म्हणायचा न्हाई."

"मग डोळ्यांनीच बघा आबा," मिनल म्हणाली. "वर वर्ग भरला, मुलं, बाकं, कपाटं सगळं धरून जेवढं वजन होईल, त्याच्या सव्वापट वजन एक दिवस स्लॅबवर ठेवू. टिकला तर शाळा इथेच."

"आन न्हाई टिकला तर सोमवारी पाडायची नोटीस."

"मान्य."

तिने मान्य केलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तिची स्वतःच्या सहीची ही पहिलीच इमारत. ऑफिसातल्या साहेबांची सही नाही, हिची.

वजन म्हणून पाणी घ्यायचं ठरलं. मधल्या मोठ्या खोलीच्या वर विटांचा बांध घालून ताडपत्री अंथरली, पाणी सोडायला कोपऱ्यात पाईप आणि व्हॉल्व बसवला, म्हणजे हौदच झाला. त्यात दीड फूट पाणी, चार टप्प्यांत भरायचं. खाली खोलीत लोखंडी टेकू उभे केले, स्लॅबपासून दोन बोटं अंतर सोडून. पडलाच तर टेकूंवर अडकावा. आणि स्लॅब किती वाकतो हे मोजायला डायल गेज हवा होता. घड्याळासारखं गोल यंत्र असतं ते, केसाइतकी हालचालही काटा दाखवतो.

थेरगावात डायल गेजला काय तोटा! इथल्या प्रत्येक गल्लीत एक रिटायर्ड टूलरूमवाला आहे आणि त्याच्या लाकडी पेटीत फडक्यात गुंडाळलेला गेज आहे. त्यातले दोन आले. एक ज्ञानदेव ओव्हाळ आणि दुसरे त्यांचे जोडीदार दत्तोबा, त्याच कंपनीत मिलिंग मशीनवर आयुष्य काढलेले. ओव्हाळांनी जन्मभर दत्तोबांनी केलेले भाग, त्यांच्या भाषेत जॉब, रिजेक्ट केले आणि तरी दोघं रोज संध्याकाळी डांगे चौकात एकत्र चहा पितात.

छताच्या मधल्या तुळईपासून एक सरळ पाईप खाली आणून त्याच्या टोकाशी गेज बसवला. काटा शून्यावर आणला. मी गाभाऱ्यात जावं तशी चप्पल काढून त्या खोलीत गेले. हातात नारळ होता. सकाळी चिंचवडला मोरयाचं दर्शन घेऊनच आले होते.

ओव्हाळ म्हणाले, "बाई, नारळ फोडा, आमची ना नाही. फक्त इथं आपटू नका. रीडिंग हलंल."

मी बाहेर पायरीवर फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा ओव्हाळांनीच उचलला.

मिनल वडिलांना म्हणाली, "पप्पा, आज तुम्ही इन्स्पेक्टर. चोवीस तास पाणी ठेवल्यावर काटा किती दाखवायला पाहिजे, ते मी काढलंय. पण तुम्हाला सांगणार नाही."

ओव्हाळ खूश झाले. "बराबर! इन्स्पेक्टरला आकडा सांगितला की त्याचा डोळा आकड्याकडंच पळतो."

तिने आकडा लिहिलेला लिफाफा चिकटवून माझ्याकडे दिला. "बाई, उद्या सकाळपर्यंत उघडायचा नाही. कुणी काही म्हणू दे."

चूक कुठे झाली म्हणाल, तर इथेच झाली.

पावणेनऊला पहिला टँकर लागला. पंप सुरू झाला, पाईप फुगला आणि वर ताडपत्रीवर पाणी पडल्याचा आवाज आला. फाटकातल्या गर्दीने उगीचच टाळ्या वाजवल्या. पहिल्या टप्प्याला ओव्हाळांनी आतून ओरडून सांगितलं, "पॉइंट बावन्न!" मिनलने वहीत लिहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त पेन दोनदा बोटांत फिरलं.

तेवढ्यात दुसऱ्या टँकरवाल्याचा फोन आला. चौकात रस्ता खणलाय, गाडी पुढे येत नाही, मागे जात नाही. मिनलने स्कूटर काढली. "मी त्याला आतल्या गल्लीने घेऊन येते. पप्पा, दुसरा टप्पा भरून घ्या, फक्त रीडिंग लिहा."

ती गेली. पहिला टँकर रिकामा झाला. निम्मं पाणी वर चढलं होतं. आबा कडुनिंबाखाली खुर्चीवर बसले होते, गर्दी जरा कंटाळली होती, कुणीतरी पोहे वाटत होतं. आणि आतून ओव्हाळांचा आवाज आला, तो कंपनीतला आवाज असणार.

"बंद करा! पाणी सोडा! व्हॉल्व उघडा!"

ते दारात आले तेव्हा चेहरा पांढराफटक. "एक चक्कर पूर्ण झाला काट्याचा! एक एमेम! निम्म्या वजनालाच एक पॉइंट झिरो सहा!"

दत्तोबा म्हणाले, "काय सांगता राव!"

"बत्तीस वर्षांत पॉइंट झिरो टूला मी जॉब फेकले. तुझेच फेकले. हितं एक एमेम! हा स्लॅब गेलाय. सगळे मागं सरा!"

आता बघा, आमच्या भागात 'एक एमेम' म्हटल्यावर काय होतं. दुसऱ्या गावात लोक म्हणाले असते, एक मिलिमीटर म्हणजे केवढंसं? इथे फाटकातल्या शंभरातले सत्तर जण कंपनीवाले. सगळ्यांच्या तोंडून एकदमच "एक एमेम?" असं निघालं आणि सगळे दोन पावलं मागे झाले. पोहेवाल्याने टोपलं उचललं. दत्तोबांनी जिन्यावरून धावत जाऊन व्हॉल्व उघडला आणि छतावरून पाण्याची धार खाली बदाबदा पडायला लागली.

आबा खुर्चीतून उठले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बाई, सोमवारची नोटीस लिवून ठिवा."

माझ्या पर्समध्ये लिफाफा होता. हात पर्सकडे गेला. उघडावा आणि सगळ्यांना दाखवावा, हा बघा आकडा, असं फार वाटलं. पण आत काय लिहिलंय, मला तरी कुठे माहीत होतं? अर्धा एमेम लिहिला असला म्हणजे? मी मनात मोरयाचं नाव घेतलं आणि लिफाफा तसाच ठेवला. पण ते वाहतं पाणी मला बघवेना. एप्रिलचा महिना, टँकर मिळवायला चार दिवस लागलेले. मी खालूनच ओरडले, "दत्तोबा! व्हॉल्व बंद करा! शाळेतलं पाणी माझ्या परवानगीशिवाय सोडायचं नाही!"

"अहो बाई, स्लॅब..."

"बंद करा म्हणते ना!"

वर्गात पोरांवर ओरडते तशी ओरडले असणार. दत्तोबांनी मुकाट्याने व्हॉल्व बंद केला. तोवर तीनेक इंच पाणी गेलं होतं.

मी मिनलला फोन लावला, ती उचलेना. ओव्हाळ म्हणाले, "मी एकदा शेवटचं रीडिंग घेतो. कुणी आत येऊ नका." आणि एकटेच आत गेले. त्या माणसाला स्लॅब पडेल असं खरोखर वाटत होतं आणि तरी तो त्याच्याखाली गेला, कारण रीडिंग लिहायचं राहिलं होतं.

मग आतून हळूच म्हणाले, "दत्तोबा. जरा ये रं."

दत्तोबा दारापर्यंत गेले. "काय झालं?"

"काटा मागं आला."

"कुठं?"

"पॉइंट त्र्याहत्तर. पाणी सोडलं तेवढा मागं आला."

"मग गेज बिघडला असंल तुझा."

"माझा गेज? तुझं डोकं बिघडलं असंल!"

एवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. पुढे मिनल स्कूटरवर, मागे टँकर. तिने भिंतीवरून ओघळलेलं पाणी बघितलं, मागे सरकलेली गर्दी बघितली, स्कूटर तशीच सोडून पळत आली. मला वाटलं, आता ही वडिलांवर चिडणार. तिने एकच विचारलं, "पप्पा, निम्म्याला रीडिंग किती आलं?"

"एक पॉइंट झिरो सहा."

"आणि सोडल्यावर?"

"पॉइंट त्र्याहत्तर."

मिनलने दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी उडी मारली! तीस वर्षांची बाई, अंगात पिवळं जाकीट, शाळेच्या अंगणात पाचवीतल्या पोरीसारखी उड्या मारतेय.

ओव्हाळ भडकले. "नाचायलीस काय? जॉब रिजेक्ट हाय!"

"रिजेक्ट कसा? पप्पा, पाव वजनाला बावन्न, निम्म्याला एकशे सहा. दुप्पट वजन, दुप्पट वाक. पूर्ण वजनाला किती यायला पाहिजे?"

ओव्हाळांच्या तोंडून आपोआप निघालं, "दोन पॉइंट बारा. तसाच सरळ चालला तर."

"आणि सरळ नाही चालला, एकदम पुढे पळाला तर?"

"तर आतून गेला."

"आणि वजन काढल्यावर मागं आला नाही तर?"

"तरी गेला."

"हेच बघायचंय आज. तुम्ही सांगितलंत ते. पप्पा, तुमच्या गेजची दांडी आत जाते, परत येते, तिच्यावर तुम्ही कधी लाल फुली मारली का?"

"ती स्प्रिंग हाय गं."

"मग हाही स्प्रिंगच आहे. तुमचा जॉब टेबलावर पडून असतो, त्याने वाकायचं नसतं. माझा जॉब वजन उचलून उभा असतो. तो वाकणारच. किती वाकला आणि परत आला का, एवढं बघायचं. या तुळईला तीन पॉइंट दोनपर्यंत परवानगी आहे, नियमाच्या पुस्तकात आहे."

"हे आधी सांगायला काय झालं हुतं?"

मिनल म्हणाली, "इन्स्पेक्टरला आकडा सांगायचा नसतो ना."

"आकडा सांगू नको. परवानगी किती ती तरी सांगशील! मर्यादा दिल्याशिवाय इन्स्पेक्शन होतं का कुठं?"

मिनलने जीभ चावली. "चुकलं पप्पा. हे माझंच चुकलं."

दत्तोबा कधीपासून या दिवसाची वाट बघत असावेत. म्हणाले, "म्हणजे राव, माझे बत्तीस वर्षांचे रिजेक्ट जॉबपण चांगलेच होते म्हणायचे!"

"तुझे भंगारच हुते," ओव्हाळ म्हणाले आणि गर्दीत पहिल्यांदा हशा पिकला.

आबा मात्र अजून उभेच होते. "पोरी, मला ह्ये एमेम-बिमेम कळत न्हाई. सिमेंट वाकतंय म्हंजी काय?"

मिनल त्यांच्याजवळ गेली. "आबा, तुमच्या आंब्याची फांदी आंबे लागल्यावर वाकते का?"

"वाकती की."

"उतरवल्यावर?"

"वर जाती." आबांनी क्षणभर विचार केला. "न्हाई गेली, तर समजायचं चिरली आतनं."

"मग उद्या आपण आंबे उतरवू."

आबा खाली बसले. "व्हय. भरा पानी."

पुन्हा पंप सुरू झाला आणि यावेळी फाटकातली माणसं मागे सरकायच्या ऐवजी खिडकीशी गोळा झाली. सत्तर कंपनीवाल्यांना आता मर्यादा कळली होती, मग काय विचारता! तिसऱ्या टप्प्याला ओव्हाळ ओरडले, "एक पॉइंट एकसष्ट!" बाहेर कुणीतरी मोबाइलवर भागाकार केला, "सरळ चाललाय! सरळ चाललाय!" क्रिकेटच्या धावसंख्येसारखा आकडा फाटकापर्यंत गेला. सांडलेले तीन इंच शाळेच्या टाकीतून भरून काढले आणि दीड फूट पूर्ण झालं. ओव्हाळांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं, पुन्हा पुसला. "दोन पॉइंट चौदा!" आमच्या मराठी शाळेच्या अंगणात दशांश अपूर्णांकाला एवढ्या टाळ्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.

पाणी चोवीस तास तसंच ठेवायचं होतं, कारण वजन राहिलं की स्लॅब हळूहळू आणखी किंचित वाकतो. रविवारी सकाळी मी आले तेव्हा आबा आधीच हजर. गर्दी कालच्या दुप्पट. बायका पोरांना अंघोळी घालून घेऊन आल्या होत्या. ओव्हाळांनी साडेअकराला रीडिंग घेतलं, "दोन पॉइंट एकतीस." मिनल म्हणाली, "बाई, आता उघडा."

घाईत लिफाफा वेडावाकडा फाटला. आत वहीच्या पानाचा तुकडा. मी मोठ्याने वाचलं, "दोन पॉइंट तीन."

तो तुकडा ओव्हाळांनी माझ्या हातातून घेतला. वाचला, उलटा करून मागे बघितलं, पुन्हा वाचला. "ह्ये तू कधी काढलंस?"

"मार्चमध्ये. घरीच. तुम्ही बातम्या बघत होता."

"कागदावर?"

"कागदावर."

ओव्हाळांनी तो तुकडा घडी करून खिशात टाकला.

मिनल म्हणाली, नियमाने काम झालंय, वाक मर्यादेच्या बराच आत आहे, हवं तर आत्ता सही करते. वडील म्हणाले, "थांब. काटा परत आल्याबिगर माझी सही न्हाई." आबा खुर्चीतून म्हणाले, "माजी बी न्हाई." मिनल हसली. "मग कुणालाच घाई नाही. सोडा पाणी."

यावेळी पाणी वाया घालवलं नाही. पाईप जोडून मैदानाकडेच्या झाडांना दिलं, उरलेलं आयाबायांनी बादल्या भरून नेलं. खोलीच्या दारात आबा स्वतः येऊन उभे राहिले. ओव्हाळ काट्याचा आकडा वाचत होते आणि बाहेर मुलं मागोमाग म्हणत होती. दोन. एक पॉइंट सहा. एक पॉइंट एक. वर हौद रिता झाला तेव्हा काटा पॉइंट चव्वेचाळीसवर थांबला.

"आन उरलेलं?" आबा म्हणाले.

"त्याला वेळ द्या आबा," मिनल म्हणाली. "आंबे उतरवल्याबरोबर फांदीसुद्धा झटकन पुरती वर जात नाही."

आबा तिथेच खुर्ची मागवून बसले. जाईबाईंनी घरून पिठलं-भाकरी आणली, ती सगळ्यांनी व्हरांड्यात खाल्ली. आबांनी हात धुतले आणि पुन्हा काट्यासमोर. मुंगीच्या पावलाने तो मागे येत होता आणि कुणाला कंटाळा येत नव्हता! दुपारी चारला ओव्हाळांनी रीडिंग घेतलं. "पॉइंट सत्तावीस." मग स्वतःच हिशोब केला आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शंभरातले अठ्ठ्याऐंशी परत आला. मी सही करायलो."

वहीत त्यांनी सही केली, तारीख टाकली, वेळ टाकली. त्याखाली मिनलने केली. मग आबांनी पेन मागितलं. सही करता करता विचारलं, "काम कधी सुरू करतीस?"

"उद्या."

"उद्या सोमवार. नोटीस लावायची हुती न्हवं? तिच्या जागी तुजा नकाशा लाव फाटकावर. लोकांना दिसूं दे."

मिनलने उद्यापर्यंतही वाट बघितली नाही. ओल्या स्लॅबवर चढून खडूने वरच्या खांबांच्या जागा आखायला लागली. टेपचं दुसरं टोक धरायला ओव्हाळ आणि दत्तोबा दोघंही वर गेले आणि टेप कुणी धरायचा यावरून त्यांची जुंपली, ती खाली अंगणात ऐकू येत होती. एक आई मुलीचा हात धरून माझ्याकडे आली. "बाई, मग रहाटणी नाही ना? इथंच ना?"

"इथंच," मी म्हटलं.

मग मी ऑफिसात गेले, फळीवरचा जुना अर्ज खाली काढला, त्यावरचं मागचं वर्ष खोडून यंदाचं घातलं आणि प्रवेश अर्जांच्या चारशे प्रती छापायला पाठवल्या.